तिसरी की चौथी

जंगलाच्या पाहणी विभागात सगळे त्यांना टोचेकाका म्हणत. आडनाव नव्हतं ते. हातात कायम आखूड पात्याचा चाकू आणि दिसेल त्या पडक्या ओंडक्यात तो टोचून बघायची खोड, म्हणून कुणीतरी गमतीनं म्हणून गेलं आणि ते चिकटलं. इतकं चिकटलं, की पगारवाढीच्या वेळी कारकुनाला त्यांचं खरं नाव त्यांनाच विचारावं लागलं. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. लोक माणसाला नाकावरून नाहीतर चालण्यावरून नावं पाडतात, आपलं निदान कामावरून पडलं, असं ते बायकोला म्हणत. त्यावर बायको म्हणे, "घरात तेवढं टोचत नाही तुम्ही, एवढीच मेहरबानी."

त्यांचं काम मेलेली झाडं मोजायचं. जिवंत झाडं मोजणारे वेगळे होते. त्यांना गाडी पुढची मिळे, जेवणाची सुट्टी आधी मिळे आणि वार्षिक अहवालात फोटोही त्यांचेच येत. टोचेकाका आणि त्यांच्यासारखे दोघेचौघे मागून जायचे आणि जमिनीवर आडवं झालेलं जे असेल त्याची नोंद करायचे. डोंगरावर ठिकठिकाणी लोखंडी खुंट्या ठोकून गोल आखलेले होते, त्यांना वर्तुळं म्हणत. दर पाच वर्षांनी त्याच वर्तुळात जायचं, पडलेला प्रत्येक ओंडका शोधायचा, लांबी आणि जाडी घ्यायची, आणि तो किती कुजलाय ते ठरवायचं. पडलेल्या लाकडात किडे राहतात, बुरशी राहते, ओल टिकते, त्यावर पाखरं जगतात. म्हणून जंगलात मेलेलं लाकूड किती आणि कोणत्या अवस्थेत आहे हे कळलं पाहिजे, असं वरून सांगितलं होतं.

कुजण्याच्या पाच पायऱ्या होत्या. पाचही एका कागदावर, पाच ओळींत मावल्या होत्या. पहिली, नुकताच पडलेला, साल घट्ट. दुसरी, साल सुटू लागलेली, लाकूड टणक. तिसरी, साल गेलेली, चाकू थोडा आत जातो. चौथी, चाकू सहज आत जातो, ओंडका खाली बसू लागलेला. पाचवी, हातानं चुरा होतो, मातीत मिसळत चाललेला. हा कागद कुणी केला, कधी केला, कुणाला ठाऊक नव्हतं. टोचेकाका नोकरीला लागले तेव्हा तो भिंतीवर होता आणि तेव्हाच त्याच्या कडा पिवळ्या पडलेल्या होत्या.

नोकरीला लावलं ते मेव्हण्यानं. टोचेकाका आधी लाकडाच्या वखारीत होते. नवीन लग्न झालेलं, वखारीच्या भुशानं खोकला लागलेला. बायकोचा थोरला भाऊ पाहणी विभागात होता, त्यानं शब्द टाकला. या मेव्हण्याला सगळं ऑफिस दादा म्हणे आणि बायकोचं बघून टोचेकाकाही दादाच म्हणत. दादांकडे डोंगराचा उत्तरेचा उतार होता, टोचेकाकांकडे दक्षिणेचा आला. मधून डोंगराची धार. धारेवर कधीमधी दोघांची गाठ पडे. दोघं एका दगडावर बसून डबे उघडत आणि घरच्या गोष्टी जंगलात करत. जंगलातल्या गोष्टी मात्र घरी होत. दादांची बायको फार वर्षांपूर्वी गेली होती, मूलबाळ नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ते बहिणीकडे जेवायला येत, दुपारी पत्ते मांडत, आणि पत्ते पिसता पिसता दोघांचं सुरू होई: तुमच्याकडे वादळानं काय पाडलं, आमच्याकडे कुठला ओंडका फुटला. बायको शिलाई मशीनवरून ओरडे, की या घरात जिवंत झाडाचा विषय कधी निघणार आहे का.

अशी वर्षं गेली. चांगली गेली असंच म्हणायला हवं.

मग रस्त्याकडेची, वादळात पडलेली झाडं उचलायचा परवाना एका कंत्राटदाराला मिळाला. परवाना रस्त्याकडेपुरताच होता, पण जंगल रस्त्याला चिकटूनच असतं आणि लॉरीला लाकूड ओढायचा दोर लांब असतो. टोचेकाकांच्या ते हळूहळू लक्षात आलं. एका वर्तुळात मागच्या खेपेला माणूसभर जाडीचा ओंडका होता. ते तो शोधत फिरले, आणि जागेवर नुसता लांबट खळगा सापडला, त्यात कोवळं गवत. दुसऱ्या वर्तुळात दोन गायब, तिसऱ्यात चार. ओढत नेल्याच्या खुणा होत्या, पण खुणा सगळीकडेच होत्या, रस्त्याकडचं लाकूडही ओढूनच न्यायचं होतं. दादांच्या उताराला तीच कथा. दोघं मिळून मोठ्या साहेबांकडे गेले. साहेब भला माणूस. त्यांनी दोघांना बसवलं, चहा सांगितला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, की असं तोंडी सांगून परवाना थांबत नसतो. पाहणी चालूच आहे ना, ती नीट पुरी करा. आकडे बोलतील.

ते वाक्य टोचेकाकांना फार आवडलं. घरी आल्यावर त्यांनी ते बायकोला दोनदा सांगितलं. त्या फेरीला त्यांनी जेवढी मेहनत घेतली तेवढी आयुष्यात घेतली नव्हती. गुडघाभर पाल्यातून वाकून प्रत्येक ओंडका चाचपला. नसलेल्या ओंडक्यासमोर 'सापडला नाही' असं लिहिताना ते पेन जरा दाबून धरत.

फेरी संपली तशी वरच्या ऑफिसातून एक बाई आल्या. वय पस्तिशीच्या आत, आवाज हळू, चालणं भराभर. आजवरच्या सगळ्या फेऱ्यांची माहिती एकत्र जुळवायचं काम त्यांच्याकडे होतं. वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली त्यांना दिली. खोलीत एक खिडकी, एक संथ पंखा आणि भिंतीच्या फळीवर लाकडाच्या चकत्यांचे जुने नमुने, ज्यांतून पिठासारखा भुगा सांडलेला असे. बाईंनी पहिल्याच दिवशी तो स्वतः पुसला. टोचेकाकांना त्या काका म्हणत, आणि टोचेकाका त्यांना मॅडम.

एका सकाळी मॅडमनी दोघांना वर बोलावलं. कॉम्प्युटरवर डोंगराचा नकाशा होता. अर्धा तांबडा, अर्धा पिवळा.

"तांबडी ती चौथी पायरी, पिवळी ती तिसरी," त्या म्हणाल्या. "उत्तरेला जवळजवळ सगळं चौथीत. दक्षिणेला जवळजवळ सगळं तिसरीत. आणि मधली रेघ बघा."

रेघ म्हणजे डोंगराची धार होती.

दादा म्हणाले, की त्यात काय, उत्तरेला ओल जास्त, लाकूड लवकर मऊ पडतं. मॅडमनी मान हलवली, तेही खरं म्हणाल्या. पण धारेवरची दोन वर्तुळं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत, झाडं तीच, माती तीच, ऊन तेच. तिथंही एक तांबडं आणि एक पिवळं. ओल अशी रेघ आखून थांबत नाही. मग त्यांनी दुसरी एक यादी काढली. मागच्या फेरीत चौथीत असलेले कितीतरी ओंडके या फेरीत तिसरीत आलेले होते. टोचेकाका हसले. मॅडम हसल्या नाहीत. लाकूड उलटं कुजत नाही, एवढंच त्या म्हणाल्या, आणि ते म्हणताना त्यांनी खिडकीकडे बघितलं, कारण त्या ओंडक्यांतले बरेचसे टोचेकाकांचे होते.

त्यानंतर त्यांनी जे समजावलं ते टोचेकाकांना नीट कळलं. ओंडके नाहीसे झालेत हे सगळ्यांना मान्य आहे. प्रश्न आहे, गेले कुठं. चौथ्या पायरीचा ओंडका पाच वर्षांत मातीत मिसळून जाऊ शकतो. तिसरीतला एवढ्यात जात नाही. तो गेला असेल तर कुणीतरी नेला. म्हणजे गायब झालेले ओंडके आधी तिसरीत होते की चौथीत, यावर सगळं अडलेलं. दादांच्या नोंदी धरल्या तर लाकूड कुजून गेलं आणि कंत्राटदार धुतल्या तांदळासारखा. टोचेकाकांच्या धरल्या तर लाकूड चोरीला गेलं.

"मग माझ्या धरा की," टोचेकाका म्हणाले.

"माझ्या का नाही?" दादा म्हणाले. ते रागावले नव्हते, नुसते चकित झाले होते. त्यांनाही ओंडके चोरीला गेल्याचं ठाऊक होतं. पण आपल्या नोंदी चुकीच्या आहेत, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं.

मॅडमनी भिंतीवरचा कागद काढून आणला होता. तिसरीत 'थोडा आत जातो' आहे आणि चौथीत 'सहज आत जातो' आहे, तर थोडा म्हणजे किती, असं त्यांनी विचारलं. टोचेकाकांनी अंगठ्याचं नख दाखवलं, एवढा. दादांनी करंगळीचं अर्धं पेर दाखवलं. दोघांनी एकमेकांच्या हाताकडे पाहिलं. इतक्या वर्षांत, इतक्या पत्त्यांच्या डावांत, हे कधी निघालंच नव्हतं.

चाकू सारखेच का, असंही त्यांनी विचारलं. नव्हते. दादांचा चाकू पहिल्यापासूनचा, दगडावर घासून घासून त्याचं पातं काडीसारखं झालेलं, लोण्यात शिरावं तसं शिरायचं. टोचेकाकांनी तीनदा बदललेला. दाब किती देता? हाताला कळतं, दादा म्हणाले. टोचेकाकाही तेच म्हणाले. त्या दिवशी दोघांचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

जिना उतरताना दादा म्हणाले, "भावोजी, तुम्हाला काम मी शिकवलं."

"शिकवलं ना. मग तुमच्यासारखंच केलं असणार."

"नाही केलंत. म्हणून तर आज वर बोलावलं."

घरी बायकोनं दोघांची बाजू ऐकली, वेगवेगळी. तिचं झालं आपलेच दात, आपलेच ओठ. नवऱ्याला म्हणाली, की दादाचा हात आधीपासून जड आहे, लहानपणी त्यानं दार लावलं की भिंतीवरचं कॅलेंडर पडायचं. भावाला काय म्हणाली ते टोचेकाकांना कळलं नाही. पण पुढच्या सुट्टीला दादा जेवायला आले नाहीत.

मॅडमनी एक तोड काढली. एका वर्तुळातल्या ओंडक्यांवर आकड्यांचे पत्रे ठोकले. दोघांनी वेगवेगळं जायचं, आपापल्या चाकूनं, आपापल्या हातानं प्रत्येकाची पायरी लिहायची. काही आठवड्यांनी पत्रे बदलून, पुन्हा तेच. दोघांत फरक किती आणि कुठल्या बाजूला पडतो ते कळलं, तर जुन्या नोंदी तेवढ्या हिशेबानं सरकवता येतील. घड्याळ रोज ठरावीक मिनिटं पुढं पळत असेल तरी वेळ काढता येते, असं त्या म्हणाल्या. टोचेकाकांना ते पटलं. आपलं घड्याळ बरोबर आहे याबद्दल त्यांना शंका नव्हती, पण दादांचं सरकवून का होईना उपयोगी पडलं तर चांगलंच.

पहिल्या दिवशी ते पहाटेच उठले. दाढी केली, धुतलेला शर्ट घातला. बायको म्हणाली, परीक्षेला निघालात काय. ऊन छान होतं. ओंडके कोरडे, हाताला ऊबदार. त्यांनी एकेका ओंडक्याला वेळ दिला, कुठं घाई केली नाही. दुसऱ्या खेपेच्या आदल्या दिवशी पाऊस झाला होता. तरी त्यांना वाटलं, काही फरक पडणार नाही. हाताला कळतं.

निकाल मॅडमनी एकेकट्याला सांगितला. टोचेकाकांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि त्यावरूनच त्यांना अंदाज आला. दादांशी त्यांचं जेमतेम निम्म्या ओंडक्यांवर जुळलं होतं. हे त्यांनी धरलंच होतं.

"आणि माझं?" त्यांनी विचारलं. "पहिल्या खेपेचं आणि दुसऱ्या खेपेचं?"

मॅडमनी कागद त्यांच्याकडे वळवला. दर तीन ओंडक्यांतला एक त्यांनी दोन वेळा दोन पायऱ्यांत टाकला होता. तेही एका बाजूला नाही. काही खाली गेलेले, काही वर. सरकवायचं म्हटलं तरी कुठल्या बाजूला सरकवणार?

टोचेकाका म्हणाले, की पाऊस झाला होता. ओल्या लाकडात चाकू जास्त जातो. मॅडम लगेच म्हणाल्या, अगदी बरोबर. मग त्यांनी विचारलं, की इतक्या वर्षांच्या नोंदी घेताना लाकूड ओलं होतं की कोरडं, हे कुणी लिहिलंय का. कुणी लिहिलं नव्हतं. कागदावर तसा रकानाच नव्हता.

हात दाखवून अवलक्षण ते हेच. तपासणीला ते आपणहून, दाढीबिढी करून गेले होते.

त्या संध्याकाळी ते घरी येऊन स्वयंपाकघरात बसले. बायको भाजी चिरत होती. सोललेली एक काकडी त्यांच्यापुढं सरकवून तिनं विचारलं, काय झालं. ते म्हणाले, "दादांशी पटलं नाही ते सोड. माझं माझ्याशीच पटलं नाही."

तिला हसू आलं, मग तिनं त्यांचा चेहरा पाहिला आणि सुरी खाली ठेवली.

पण खरं जे आत कुरतडत होतं ते त्यांनी तिलाही सांगितलं नाही. या शेवटच्या फेरीत, कंत्राटदाराच्या लॉऱ्या सुरू झाल्यानंतर, जे ओंडके अजून जागेवर होते, ते आता चोरीला जाणार असं त्यांना वाटत होतं. ते टणक आहेत, चांगले आहेत, असं लिहिलेलं असावं, म्हणजे उद्या गेले तर बोलता येईल, अशी त्यांची इच्छा होती. मग चौथीतले ओंडके तिसरीत परत आले ते कसे? चाकू टोचताना आपण हात आखडता घेतला का? मुद्दाम नसेल. मुद्दाम नाहीच. पण हाताला काय कळतं ते हातच जाणे. त्यात इच्छा किती आणि लाकूड किती, हे आता कुणी सांगणार नव्हतं. ते स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिले. बोटं तीच होती, नखाखाली तीच काळी रेघ. विचारलं तर सांगेल असं त्यात काही नव्हतं.

परवान्याच्या मुदतवाढीची बैठक झाली. लांबट टेबल, पाण्याचे पेले, कंत्राटदाराचा वकील, मोठे साहेब, मॅडम. दादा आणि टोचेकाका भिंतीकडच्या खुर्च्यांवर, मध्ये एक खुर्ची मोकळी सोडून. मॅडमनी प्रामाणिकपणे सगळं मांडलं. काही लपवलं नाही, काही फुगवलं नाही. तिसरी आणि चौथी पायरी या नोंदींवरून वेगळी काढता येत नाही. त्यामुळं लाकूड उचललं गेलं असं सिद्ध होत नाही, आणि गेलं नाही असंही सिद्ध होत नाही. वकिलानं फक्त पहिला अर्धा भाग लिहून घेतला.

टोचेकाका उभे राहिले. बैठकीत ते आजवर कधी बोलले नव्हते.

"साहेब, ओंडके जाताहेत. मी डोळ्यांनी बघितलंय."

मोठ्या साहेबांनी चष्मा काढला. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, उलट कळवळाच होता.

"काका, डोळ्यांनी बघितलेलंच तर आहे हे सगळं," ते टेबलावरच्या कागदांवर हात ठेवून म्हणाले. "त्याचं काय करायचं तेच कळत नाहीये."

टोचेकाका उभेच होते. खाली बसायचं त्यांना सुचेना. तेव्हा दादांनी मधल्या मोकळ्या खुर्चीवर हात टेकून त्यांच्या शर्टाची बाही ओढली आणि त्यांना बसवलं. मुदतवाढ मिळाली.

पुढचे काही महिने मॅडम नव्या व्याख्या लिहीत होत्या. त्यासाठी त्या टोचेकाकांना वर बोलवत, मानानं बोलवत. स्प्रिंग लावलेली एक सुई आली होती. ती ठरलेल्या दाबानं लाकडात शिरायची आणि किती शिरली ते पट्टीवर दिसायचं. थोडा आणि सहज हे शब्द गेले, तिथं मिलिमीटर आले. ओल मोजायला छोटं यंत्र आलं. प्रत्येक ओंडक्यात तीन ठिकाणी टोचायचं ठरलं, वर, बाजूला आणि टोकाला. वरून टणक आणि पोटात भुसभुशीत अशा ओंडक्याचं काय करायचं, यावर आठवडाभर वाद झाला. टोचेकाका विचारलं तेवढं सांगत. चांगल्या व्याख्या होत होत्या, त्यांना दिसत होतं. एकदा त्यांनी विचारलं, "आणि आधीचं?"

"आधीचं जपून ठेवू," मॅडम म्हणाल्या. "फेकणार नाही."

"पण जोडता येणार नाही."

"नाही, काका." मग त्या म्हणाल्या, "मी खूप प्रकारे करून बघितलं. खरंच बघितलं." त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. टोचेकाकांनाच त्यांची समजूत काढावी लागली. नव्यानं मोजलेल्याशी तुलना करायला पुढची फेरी लागणार, म्हणजे आणखी पाच वर्षं, आणि तोवर उतारावर मोजायला काय उरलेलं असेल, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दादा निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी ते आले, हार घालून घेतला, दोन वाक्यं बोलले आणि गेले. घरी येणं बंदच होतं. बायको सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन भावाकडे जाई आणि परत आल्यावर मशीनवर बसून राही, पाय न हलवता. एकदा ती म्हणाली, "तुम्हा दोघांचं लाकूड कुजू दे नाहीतर टिकू दे, मला एकच भाऊ आहे." पुढच्या खेपेला डबा घेऊन टोचेकाका गेले.

दादांच्या खोलीत पडदे ओढलेले होते. त्यांनी डबा घेतला, खुर्चीवरचे कपडे उचलून जागा केली. दोघं बराच वेळ पाण्याच्या नळाबद्दल बोलले, तो गळत होता. मग दादा म्हणाले, की ते सगळे चौथीतलेच होते, भावोजी. मी काय आज करतोय का हे काम. टोचेकाकांना वाद घालायचा नव्हता. असतील, ते म्हणाले. त्यावर दादा एकदम चिडले.

"असतील काय म्हणता? नाही म्हणा. तुम्ही तरी ठामपणे नाही म्हणा. मी एकटा बरोबर असून काय करू?"

टोचेकाकांना नाही म्हणता आलं नाही. होही म्हणता आलं नाही. त्यांनी उठून नळाची चकती बघितली, ती झिजली होती, उद्या आणून बसवतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच ती बसवली. दादा शेजारी पाना धरून उभे राहिले. तेव्हापासून येणंजाणं सुरू झालं, पण ओंडक्यांचा विषय त्या घरात कुणी काढत नसे. बायकोच कधी कंटाळून विचारी, काहीतरी बोला की.

टोचेकाकांच्या शेवटच्या हंगामात नव्या व्याख्यांची पहिली फेरी निघाली. वर्तुळांच्या खुंट्या कुठं आहेत ते दाखवायला त्यांना बरोबर घेतलं. मोजणारे दोघं नवीन होते, एक बाई आणि एक बाप्या, कामाला वाघ. चाकू नको म्हणाले होते, म्हणून टोचेकाकांनी तो आणला नव्हता. एका वर्तुळात सबंध तासभर शोधून एकच ओंडका सापडला, दरीच्या तोंडाशी, जिथं दोर पोचत नाही. बाईंनी सुई तीन ठिकाणी लावली, ओल मोजली, फोटो घेतला, आणि तिसरी असं सांगितलं. टोचेकाकांनी त्यावर हात फिरवला. त्यांच्या हाताला तो चौथीतला लागला. किंवा तिसरीतला. त्यांनी हात काढून पँटला पुसला.

"बरोबर ना, काका?" बाईंनी विचारलं.

"यंत्र सांगतंय ना," ते म्हणाले.

उतरताना वळणावर समोरून लॉरी आली. ताडपत्रीखाली भरलेली, मागच्या बाजूनं ओंडक्यांची टोकं उघडी. रस्ता अरुंद होता. लॉरीवाल्यानं गाडी कडेला घेऊन यांच्या जीपला वाट दिली. काचेतून त्यानं टोचेकाकांना पाहिलं; इतक्या वर्षांत ये-जा करून तोंडओळख झालेली होती. त्यानं हात वर केला. टोचेकाकांचाही हात वर गेला, त्यांनी ठरवायच्या आधीच.

नव्या बाईंनी विचारलं, ओळखीचे का. टोचेकाका म्हणाले, नेहमीचाच आहे. मग ड्रायव्हरनं गिअर टाकला आणि जीप खाली निघाली.